ज्योची हॅट: ब्रिटिश अभिजात साहित्यावर स्वतःचा प्रतिसाद कसा लिहायचा

बी.ए.च्या पहिल्या वर्षी इंग्रजीच्या बाईंनी डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी वाचायला लावली आणि म्हणाल्या, “एक पान लिहून आणा. वाचताना तुम्हाला काय झालं, एवढंच.” बारावीपर्यंत मी मराठी माध्यमातली. इंग्रजीच्या पेपरात सारांश विचारत, व्यक्तिचित्रण विचारत, रिकाम्या जागा भरायला देत. ‘तुला काय झालं’ हे कुणी विचारलं नव्हतं. मी गाईड आणलं, त्यातली वाक्यं थोडी इकडची तिकडे केली आणि चौदा वाक्यांचं पान देऊन टाकलं. वही परत आली तेव्हा तेरा वाक्यांखाली पेन्सिलीची रेघ होती. खाली बाईंनी लिहिलं होतं, ‘रेघ मारलेली वाक्यं पुस्तक न उघडताही लिहिता येतात.’

रेघ नव्हती ते वाक्य असं होतं: ज्योची हॅट सारखी खाली पडते तिथे मला पुढे वाचवेना. (ज्यो म्हणजे त्या कादंबरीतला गावाकडचा लोहार. हा प्रसंग पुढे तिसऱ्या पायरीत सविस्तर येईल.)

त्या एका वाक्यापासून मी लिहायला शिकले. पुढे एम.ए. झाले, आणि आता नात्यातली, गावाकडची मुलं इंग्रजी साहित्य घेतलं की फोन करतात. प्रत्येकाचा प्रश्न तोच असतो: “ताई, रिस्पॉन्स लिहायला सांगितलाय, म्हणजे नक्की काय लिहायचं?” फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगत आले, ते इथे सलग लिहिते आहे.

आधी जमवायच्या गोष्टी

- पुस्तकाची मूळ, संपूर्ण आवृत्ती. शक्यतो टिपा असलेली: ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्स किंवा पेंग्विन क्लासिक्स. जुन्या पुस्तकांच्या दुकानात या निम्म्या किमतीतही मिळतात. पैशांची अडचण असेल तर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर ही जवळजवळ सगळी पुस्तकं फुकट आहेत. त्यांचे स्वामित्वहक्क केव्हाच संपलेत.
- शंभर पानी वही. डावं पान आणि उजवं पान वेगवेगळ्या कामांसाठी वापरायचं आहे, त्यामुळे सुटे कागद नकोत.
- पेन्सिल. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर चिकटणाऱ्या चिठ्ठ्या.
- चांगला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, जुने अर्थही देणारा.
- लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळावरचं, पुस्तक मोठ्याने वाचलेलं ध्वनिमुद्रण, हेही फुकट. लांबलचक वाक्यात अडकलात की तो परिच्छेद ऐका. कुठे श्वास घ्यायचा ते कळलं की अर्ध वाक्य आपोआप सुटतं.

गाईड या यादीत नाही. ते कधी उघडायचं ते पुढे पाचव्या पायरीत येईल.

१. पुस्तक निवडताना ‘मी’ शोधा

पुस्तक निवडायची मुभा असेल तर पहिल्या खेपेला जाडजूड ‘मिडलमार्च’ घेऊ नका. ‘मी’ म्हणून गोष्ट सांगणारं पुस्तक घ्या: शार्लट ब्राँटीची ‘जेन एअर’ (१८४७) किंवा डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’. समोर एक माणूस बसून आपलं आयुष्य सांगतो आहे म्हटल्यावर आपणही त्याला उत्तर देऊ लागतो. हे उत्तर म्हणजेच प्रतिसाद.

जाडी बघून धास्तावू नका. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ मुळात एका बैठकीत वाचायला लिहिलेलीच नाही. डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात ती डिकन्सच्या स्वतःच्या साप्ताहिकात ३६ हप्त्यांत आली. लोक आठवड्याला एकदोन प्रकरणं वाचत आणि पुढच्या अंकाची वाट बघत. तुम्ही रोज दोन प्रकरणं वाचलीत तर ५९ प्रकरणं महिन्याभरात होतात.

इथला पहिला सापळा म्हणजे संक्षिप्त आवृत्ती. शाळेत बक्षीस मिळणारी, दीडशे पानांची, चित्रांची. तिच्यात कथानक शाबूत असतं, पण हॅट गेलेली असते. प्रतिसाद लिहायला तर हॅटच लागते.

२. वाचताना फक्त थांबल्याची खूण करा

सुरुवातीला समासात लांब टिपा लिहू नका, वाचनाची लय तुटते. तीन खुणा पुरतात. हसू आलं किंवा बरं वाटलं तर टिंब, राग आला किंवा टोचलं तर फुली, कळलं नाही तर प्रश्नचिन्ह. खूण कशासाठी केली याचा विचार त्या क्षणी करायचा नाही.

प्रश्नचिन्हांची लाज वाटू देऊ नका. माझ्या पहिल्या वाचनात पानापानावर ती होती. त्यातली काही शब्दांची होती, आणि शब्दांच्या बाबतीत एक धोका सांगून ठेवते. अवघड शब्द आपण शोधतोच. फसवतात ते ओळखीचे वाटणारे. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये मिस्टर कॉलिन्स हा पाद्री आपल्या श्रीमंत आश्रयदातीच्या, लेडी कॅथरीनच्या, ‘कन्डिसेन्शन’चं तोंड भरून कौतुक करतो. आजच्या अर्थाने वाचलं तर तो तिला तुच्छतेने वागणारी म्हणतोय असं वाटेल. त्या काळी मोठ्या घरच्या माणसाने खालच्याशी मायेने, बरोबरीने वागणं असा त्याचा चांगला अर्थ होता. ‘मेकिंग लव्ह’ म्हणजे तेव्हा गोड बोलून मन जिंकू पाहणं. ‘कॅन्डर’ म्हणजे ऑस्टिनच्या कादंबरीत बहुतेकदा दुसऱ्याबद्दल चांगलंच मानून चालण्याची वृत्ती. एखाद्या पात्राचं बोलणं विचित्र वाटलं तर आधी शब्दकोशातला जुना अर्थ बघा, मग पात्रावर रागवा.

३. दहा मिनिटं, मराठीत

प्रकरण संपलं की सगळ्यात ठळक खुणेपाशी परत जा. वहीच्या डाव्या पानावर दहा मिनिटं सलग लिहा आणि मराठीत लिहा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. त्यांना वाटतं, इंग्रजीचा अभ्यास आहे तर विचारही इंग्रजीतच आला पाहिजे. पण आपल्याला जेवढं इंग्रजी येतं तेवढाच विचार मग कागदावर उतरतो. मला त्या वेळी इंग्रजीत ‘सॅड’ येत होतं. मराठीत मला ‘ओशाळणं’ येत होतं, ‘कानकोंडं होणं’ येत होतं, ‘जीव अर्धा होणं’ येत होतं. ज्योच्या प्रसंगाला यातला नेमका एक लागतो, ‘सॅड’ने काम भागत नाही.

चार गोष्टी लिहा: प्रकरण कितवं, तिथे काय घडतं (एका वाक्यात), मला काय झालं, आणि नेमक्या कोणत्या शब्दापाशी किंवा वस्तूपाशी झालं. चौथी गोष्ट सापडेपर्यंत वही मिटू नका.

माझं उदाहरण सविस्तर देते. प्रकरण २७. पिप आता लंडनमध्ये आहे, एका अज्ञात माणसाच्या पैशावर सद्गृहस्थ बनतो आहे. त्याला लहानपणी मायेने सांभाळणारा, त्याच्या बहिणीचा नवरा ज्यो, गावातला लोहार, त्याला भेटायला येतो. पत्र आल्यावर पिप सरळ कबूल करतो की पैसे देऊन ज्योला येण्यापासून थांबवता आलं असतं तर मी ते दिले असते. ज्यो येतो. हॅट कुठे ठेवावी ते त्याला कळत नाही. अंडी असलेलं घरटं धरावं तशी तो ती दोन्ही हातांत धरून असतो. शेवटी शेकोटीवरच्या फळीच्या अगदी कडेला ठेवतो, आणि ती पडत राहते. चहापाणी, गप्पा चालू असताना ज्योचं सगळं लक्ष हॅटकडे. त्याची ही धडपड डिकन्स विकेटकीपिंगसारखी आहे म्हणतो, आणि शेवटी ती खरकट्या चहाच्या भांड्यात जाऊन पडते. मध्येच ज्यो पिपला ‘सर’ म्हणतो, मध्येच ‘पिप’.

वर्गात हा भाग वाचला तेव्हा सगळे हसले. तो हसवण्यासाठीच लिहिलाय. मला हसू आलं नाही, कारण मला आमचे काका दिसत होते.

मी होस्टेलला राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात ते आले होते. पायजमा, पांढरी टोपी, हातात भाकऱ्यांचं फडकं आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. भेटायच्या खोलीत माझ्या वर्गातल्या दोन मुली आपल्या आईवडिलांबरोबर बसल्या होत्या. मी काकांना म्हटलं, “इथे गर्दी आहे, बाहेर बसू.” गर्दी नव्हती. आम्ही गेटबाहेरच्या कट्ट्यावर बसलो. काकांनी टोपी काढली आणि बोलणं होईपर्यंत ती दोन्ही हातांनी चुरगाळत राहिले. दहा मिनिटांनी म्हणाले, “एसटीची वेळ झाली.” एसटीला अजून दीड तास होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

हे सगळं मी डाव्या पानावर लिहिलं. लिहून झाल्यावर वाटलं, झालं, हाच माझा प्रतिसाद. तो तसा नव्हता.

४. उजवं पान: जिथे जुळत नाही तिथे बघा

नवख्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथे. एक तर माणूस स्वतःबद्दल काही लिहितच नाही, सगळं गाईडचं. नाहीतर मग स्वतःबद्दलच लिहीत सुटतो आणि पुस्तक मागे राहतं. आय. ए. रिचर्ड्स नावाच्या केंब्रिजच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना कवीचं नाव आणि काळ न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांनी लिहून दिलेलं सगळं जमवून १९२९ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. वाचकांच्या ज्या अडचणी त्यांनी नोंदवल्या त्यात या दोन्ही आहेत: आधीपासून तयार असलेली साचेबंद भावना, आणि कवितेशी संबंध नसलेली खासगी आठवण मध्ये घुसणं. म्हणजे केंब्रिजच्या मुलांचंही तेच होत होतं. मला हे वाचून फार धीर आला होता.

माझा उपाय साधा आहे. डाव्या पानावर आठवण लिहून झाली की उजव्या पानावर एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायचं: माझी आठवण आणि पुस्तकातला प्रसंग यांत काय *जुळत नाही*? साम्य सगळ्यांना दिसतं, आणि ते सापडलं की विचार थांबतो. फरक आपल्याला परत पानाकडे पाठवतो.

माझ्या आठवणीत आणि प्रकरण २७ मध्ये जुळत नव्हतं ते असं. आमचे काका काही बोलले नाहीत. ज्यो बोलतो. निघताना तो पिपला सांगतो की या कपड्यांत मी चुकीचा आहे. भट्टीच्या, स्वयंपाकघराच्या, दलदलीच्या बाहेर मी चुकीचा आहे. मला माझ्या कामाच्या कपड्यांत, हातात हातोडा घेतलेला आठव, मग माझ्यात एवढं खोट काढण्यासारखं दिसणार नाही. एवढा वेळ हॅटशी झगडणारा माणूस अचानक ताठ उभा राहून बोलतो, आणि ओशाळण्याची पाळी पिपची येते.

मग मी मागे जाऊन हॅटचा परिच्छेद पुन्हा वाचला. ज्यो हॅट *पाडतो* एवढंच माझ्या लक्षात राहिलं होतं. पानावर तो ती पुन्हा पुन्हा *झेलतोही*, आणि मोठ्या कौशल्याने, असं डिकन्सने लिहिलंय. विकेटकीपिंगला नजर लागते, हात चपळ लागतात. लोहाराचेच हात ते. हसण्याच्या भरात आणि माझ्या रडू येण्याच्या भरातही ते दिसलं नव्हतं. त्याच पानावर पुढे मोठा झालेला, गोष्ट सांगणारा पिप म्हणतो की हा सगळा माझाच दोष होता. मी ज्योशी मोकळेपणाने वागलो असतो तर तोही माझ्याशी मोकळा झाला असता, आणि एवढं कळण्याइतकी अक्कल आणि माया तेव्हा माझ्यात नव्हती.

म्हणजे हॅट पडत होती ती ज्यो गावंढळ होता म्हणून नव्हे. ज्या खोलीत आपण नकोसे आहोत तिथे वस्तू कुठे ठेवावी ते कुणालाच कळत नाही. हे वाक्य माझं आहे, पण पुस्तकाशिवाय मला ते सुचलं नसतं. आणि काकांशिवायही सुचलं नसतं. बाईंनी त्याखाली रेघ मारली नाही.

५. संदर्भ दुसऱ्या वाचनाच्या आधी

आता गाईड उघडा. त्याहून बरं म्हणजे तुमच्या आवृत्तीची प्रस्तावना आणि टिपा वाचा. ही माहिती पहिल्या वाचनाच्या आधी घेतलीत तर ती तुमच्या जागी वाचते. पण घ्यायची नाही असंही नाही. न घेतल्याने मी एकदा मोठी चूक केली.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) वाचताना मला शार्लट ल्यूकसचा भयंकर राग आला होता. नायिका एलिझाबेथने ज्या कॉलिन्सला नकार दिला त्याच पोकळ माणसाला तिची जिवलग मैत्रीण दोनतीन दिवसांत होकार देते. प्रकरण २२ च्या समासात मी एवढी मोठी फुली मारली की कागद फाटला. वहीत लिहिलं, ‘शार्लट लोभी आहे.’

नंतर टिपा वाचल्या. एलिझाबेथच्या बेनेट घराण्याची मिळकत वर्षाला दोन हजार पौंडांची, पण ती ‘एन्टेल’ केलेली, म्हणजे मुलगा नसल्यास दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणारी. पाच मुली असूनही घर जाणार कॉलिन्सकडे. शार्लट २७ वर्षांची, रूप बेताचं, गाठीला पैसा नाही, आणि सभ्य घरातल्या मुलीने नोकरी करायची तर दुसऱ्यांच्या घरी मुलांना शिकवायला राहणं हाच काय तो मार्ग. ती एलिझाबेथला म्हणते की मला फक्त सुखाचं घर हवंय. हे वाचल्यावर मला आमच्या वाड्यातल्या कितीतरी आत्यामावश्यांची लग्नं आठवली.

माझं पहिलं वाक्य मी खोडलं नाही. खाली तारीख घालून दुसरी नोंद केली: आता राग शार्लटचा नाही, पण एलिझाबेथला नकार देणं परवडलं कसं, हा प्रश्न पडलाय. तुम्हीही पहिली नोंद खोडू नका. प्रतिसाद बदलला कुठे आणि कशामुळे, हे दाखवणं हाच प्रतिसादाचा सगळ्यात भक्कम भाग असतो. एलिझाबेथही तेच करते. प्रकरण ३६ मध्ये, तिने ज्याची मागणी नाकारली त्या डार्सीचं पत्र ती आधी रागाने वाचते, बाजूला ठेवते, पुन्हा उघडते आणि एकेक वाक्य तपासत वाचते, तेव्हा तिला कळतं की आपण आजवर स्वतःलाच ओळखलं नव्हतं.

कवितेला हाच नियम. वर्ड्सवर्थची डॅफोडिल्सची कविता आपल्यातल्या पुष्कळांनी शाळेत पाठ केली, फूल न बघता. ‘मी हे फूल पाहिलेलं नाही’ ही प्रतिसादाची प्रामाणिक सुरुवात आहे, बिनदिक्कत लिहा. ‘आमच्या कासच्या पठारासारखं’ एवढ्यावर मात्र सोडून देऊ नका. आता संदर्भ बघा. १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर तळ्याकाठी वर्ड्सवर्थ एकटा नव्हता, बहीण डोरोथी बरोबर होती. तिने रोजनिशीत लिहिलंय की वारा भन्नाट होता आणि काही फुलं थकून उशीवर टेकावं तशी दगडांवर माना टेकून होती. पुढे १८०७ साली छापलेल्या कवितेत कवी एकटा आहे आणि थकलेलं एकही फूल नाही. बहीण कुठे गेली? थकलेली फुलं कुठे गेली? एवढ्या दोन प्रश्नांवर दोन पानं सहज होतात.

६. आपलं नाव येतं तिथे थबका

ही पुस्तकं ज्या काळातली आहेत त्या काळात इंग्लंडचं राज्य इथे होतं, आणि ते पानांतून डोकावतं. ‘जेन एअर’मधला सेंट जॉन रिव्हर्स धर्मप्रसारासाठी हिंदुस्थानात निघालेला असतो. तो जेनला हिंदुस्थानी भाषा शिकायला लावतो, बायको म्हणून बरोबर चल म्हणतो. ती म्हणते, बहीण म्हणून येईन, बायको म्हणून नाही. पहिल्या वाचनात मी पूर्णपणे जेनच्या बाजूने होते. तिने नाही म्हटलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. ज्या देशात ती येणार होती तो माझा देश आहे, हे मला दुसऱ्या वाचनात जाणवलं.

तसंच माळ्यावर कोंडलेल्या बर्था मेसनचं. ती नायक रॉचेस्टरची बायको, जमैकाहून आणलेली. जेनला ती जनावरासारखी दिसते आणि तिला स्वतःचं एक वाक्यही नीट मिळत नाही. तिची बाजू जीन ऱ्हीस या डॉमिनिका बेटावर जन्मलेल्या लेखिकेने १९६६ मध्ये ‘वाइड सारगॅसो सी’मध्ये सांगितली. ‘जेन एअर’ झाल्यावर ती वाचा, आधी नको.

इथेही सापळा आहे. ‘ही कादंबरी साम्राज्यवादी आहे’ हे वाक्य पुस्तक न उघडताही लिहिता येतं. त्याखाली स्वतःच रेघ मारा आणि विचारा: मी कुणाच्या खांद्यावरून बघत होते, आणि कोणत्या ओळीला तिथून बाजूला झाले?

७. मराठी सोबत

शेक्सपिअर नेमलेला असेल तर आपण नशीबवान आहोत. आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत ‘विकारविलसित’ म्हणून आणलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’चं ‘झुंझारराव’ केलं, विंदा करंदीकरांनी ‘राजा लिअर’ दिला. एकच प्रवेश इंग्रजीत आणि मराठीत शेजारीशेजारी ठेवा आणि जिथे अनुवादकाला वळण घ्यावं लागलं तिथे खूण करा. ती जागा मूळ नाटकातली अवघड जागा असते.

शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ (१९७०) हे ‘लिअर’चं भाषांतर नाही, पण लिअरची सावली त्यावर आहे. म्हातारपणी सगळं मुलांना देऊन टाकणारा बाप दोन्हीकडे आहे. चौथ्या पायरीतला प्रश्न इथे लावा: काय जुळत नाही? मला सापडलेला फरक म्हणजे कावेरी. बेलवलकरांना वाटेवर सोबत करणारी, त्यांना सावरणारी ‘सरकार’ आहे. लिअरची राणी रंगमंचावर येतच नाही. हे ध्यानात आल्यावर मी पहिल्या प्रवेशातला लिअर पुन्हा वाचला, आणि मुलींकडून प्रेमाची जाहीर कबुली मागणारा तो म्हातारा पहिल्यांदाच मला एकटा वाटला.

८. इंग्रजीत उतरवताना

हे लवकर उरकते, कारण हा तंत्राचा भाग आहे.

- कथानकाबद्दल लिहिताना इंग्रजीत वर्तमानकाळ वापरतात. आपण मराठीत ‘ज्यो आला, हॅट पडली’ म्हणतो, तेच तिथे वर्तमानात. तुमच्या स्वतःच्या वाचनाची हकिकत मात्र भूतकाळात.
- पान क्रमांकाबरोबर प्रकरण क्रमांक द्याच. प्रत्येक आवृत्तीची पानं वेगळी. नाटकाला अंक, प्रवेश, ओळ.
- उतारे छोटे घ्या, पाचसहा शब्दांचे. आठ ओळींचा उतारा देऊन खाली ‘यातून कळते की’ लिहिलं तर मधलं काम कुणी केलंच नाही.
- मराठी शब्दाला इंग्रजी शब्द सापडत नसेल तर तो तसाच ठेवा आणि एका वाक्यात समजावून सांगा. मी ‘ओशाळणं’ तसंच ठेवलं होतं. बाईंनी समासात बरोबरची खूण केली होती.
- ‘लेखकाने फार सुंदर चित्रण केले आहे’ या छापाची वाक्यं इंग्रजीत फार सहज सुचतात. ती सगळी काढा.

९. देण्याआधी रेघेची कसोटी

वही देण्याच्या आदल्या दिवशी पेन्सिल घ्या आणि पुस्तक न उघडता लिहिता आलं असतं अशा प्रत्येक वाक्याखाली रेघ मारा. निम्म्याहून जास्त वाक्यांखाली रेघ आली तर दुसऱ्या पायरीवर परत जा. मोबाइलवरून तयार उत्तर घेतलं तर जवळजवळ प्रत्येक वाक्याखाली रेघ येते, करून बघा. चित्रपट बघून लिहिणाऱ्यांचंही तेच होतं, शिवाय चित्रपट शेवट बदलतात. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा शेवट तर डिकन्सनेच मित्राच्या, लेखक बुल्वर-लिटनच्या, सांगण्यावरून बदलला होता. तुमच्या आवृत्तीत परिशिष्टात पहिला शेवट दिलाय का ते बघा आणि कोणत्या शेवटाबद्दल लिहिताय ते स्पष्ट करा.

विषय, आशयसूत्र असल्या शब्दांनी घाबरून जायला होत असेल तर डिकन्सच्याच ‘हार्ड टाइम्स’ची (१८५४) पहिली दोन प्रकरणं वाचा. छोटी आहेत. शाळेत सिसी ज्यूप नावाच्या मुलीला घोड्याची व्याख्या विचारतात. तिचा बाप सर्कशीत घोड्यांबरोबर काम करतो, तिचं बालपण घोड्यांत गेलंय, आणि तिला सांगता येत नाही. बिट्झर नावाचा मुलगा घडाघडा सांगतो: चतुष्पाद, तृणभक्षी, चाळीस दात. विचारणारे खूश होतात. तुमच्या वर्गात बिट्झर भेटतील, त्यांना गुणही मिळतील. तुम्हाला सांगता येत नसेल तर आधी बघा, तुम्ही घोड्याच्या फार जवळ उभे आहात का.

१०. वही जपून ठेवा, वर्षाने पुन्हा वाचा

सेमिस्टर संपलं की वह्या रद्दीत देऊ नका. माझी पहिली वही अजून आहे. गेल्या वर्षी ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ तिसऱ्यांदा वाचली तेव्हा प्रकरण ५७ मध्ये मी थांबले. तिथे आधीच्या दोन्ही वाचनांत एकही खूण नव्हती. पिप तापाने फणफणलेला, कर्जात बुडालेला. ज्यो येऊन लेकरासारखी त्याची शुश्रूषा करतो. आजारात दोघं पुन्हा पूर्वीसारखे होतात. मग पिपच्या अंगात जसजसं बळ येतं तसतसा ज्यो अवघडत जातो आणि हळूच पुन्हा ‘सर’ म्हणायला लागतो. एका सकाळी पिप उठतो तर ज्यो निघून गेलेला, मागे एक चिठ्ठी आणि फेडलेल्या कर्जाची पावती.

हे वाचून मी काकांना फोन केला. ते शेतावर होते, वाऱ्यामुळे नीट ऐकू येत नव्हतं. “काही काम होतं का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काम नाही, पुढच्या रविवारी येतेय.

तुमच्याकडे पुस्तक असेल तर त्या प्रकरणात ज्यो पहिल्यांदा पुन्हा ‘सर’ म्हणतो ती ओळ शोधा, समासात खूण करा आणि शेजारी आजची तारीख घाला.